कूटलिपी, कथन आणि खासगीपणा

डिजिटल खासगीपणा विद्यार्थ्यांना कथेतून शिकवावा, असे जेव्हा सुचविले जाते, तेव्हा कथेकडून बहुधा एवढीच अपेक्षा असते की तिने अवघड संकल्पना सोपी करून द्यावी. पोच्या १८४३ मधील ‘द गोल्ड-बग’ या कथेतून अक्षरांची वारंवारता मोजून कूटलेख उलगडण्याची रीत उत्तम समजते. परंतु रीत समजणे निराळे आणि कोणाचे काय झाकलेले राहावे हे कळणे निराळे.

मराठीत या भेदाचे उदाहरण आरंभकाळातच सापडते. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांची वाणी कीर्तनातून तोंडोतोंडी गेली. तिला कुलूप नव्हते. यादवकाळातच सिद्ध झालेले महानुभावांचे ग्रंथ मात्र पुढे सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या खटपटीने ते खुले झाले. एका अक्षराच्या जागी दुसरे योजण्याची ही पद्धत. ती कळली की पोथी उघडलीच. (आजच्या एन्क्रिप्शनमध्ये पद्धत जगजाहीर असते, गुप्त राहते ती केवळ किल्ली.)

पण कुलपाआड होते काय? ‘लीळाचरित्रा’त म्हाइंभटांनी चक्रधरांच्या जेवणाचे, निद्रेचे, आजारपणाचे, सहज बोलण्याचेही तपशील अनुयायांच्या स्मरणातून गोळा केले. संहिता बंदिस्त आणि व्यक्ती उघडी! हे भक्तीने घडले, म्हणून त्यातील नैतिक प्रश्न नाहीसा होत नाही. कूटलिपी जपते ती सांगणाऱ्यांच्या मंडळाला. ज्याच्याविषयी सांगितले, त्याला नव्हे. व्हॉट्सॲपवरील समूहात शंभर जण एखाद्या मुलीविषयी बोलत असतील, तर एन्क्रिप्शन त्या शंभरांना आडोसा देते.

आणि कादंबरीचा सर्वज्ञ निवेदक तरी दुसरे काय करतो? तो न विचारता मनात शिरतो, आणि वाचकाला या शिरकावाची गोडी लावतो. कथेला निरुपद्रवी साधन समजणाऱ्या अध्यापकांच्या हे सहसा ध्यानी येत नाही. ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’मधील यमू स्वतःच बोलते. कोठे थांबावे हे तिच्या हाती असते. सेनगाव वा कळमनुरीच्या वर्गात तिच्या निवेदनाशेजारी एखादे सर्वज्ञ निवेदन ठेवून वाचले, तर विद्यार्थिनींना भेद बहुधा समजावून सांगावा लागणार नाही. ज्या घरात एकच फोन हातोहात फिरतो, तेथे मुलीचा संदेश भावाच्या नजरेस पडतो तो उलगडलेलाच.