दुसऱ्याच्या मर्जीवर

इंग्रजीतले ‘प्रिकेरिअस’ हे विशेषण आज कशालाही लागते: कड्यावर अडकलेला दगड, काठावरच्या बहुमताचे सरकार, अत्यवस्थ रुग्णाची प्रकृती. आपणही त्याला ‘अस्थिर’, ‘डळमळीत’ म्हणून मोकळे होतो. सॅम्युअल जॉन्सनला हा सैल वापर मुळीच मान्य नव्हता. १७५५ च्या आपल्या कोशात त्याने तशी तक्रारच नोंदवली. हवामान किंवा फासे अनिश्चित असतील, पण हा शब्द त्यांच्यासाठी नव्हे; दुसऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असल्यामुळे जे अनिश्चित आहे, त्यालाच तो लावावा, असा त्याचा आग्रह होता.

बोलणाऱ्यांनी जॉन्सनचे ऐकले नाही. पण त्याने धरून ठेवलेला फरक रोजगाराविषयी बोलताना आज फार गरजेचा आहे. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली विनवणी आहे. रोमन कायद्यात ‘प्रिकेरिअम’ नावाचा व्यवहार होता. मागणाऱ्याच्या विनंतीवरून जमीन वापरायला द्यायची आणि देणाऱ्याच्या मनात येईल तेव्हा परत घ्यायची. तिऱ्हाईताने ती बळकावली तर वापरणाऱ्याला दाद मागता येई. खुद्द देणाऱ्यापुढे त्याचे काही चालत नसे. जमीन जागच्या जागी पक्की, धोका सगळा त्या दोघांमधल्या नात्यात.

मुंबईच्या गिरणगावाने हे नाते रोज पाहिले. बदली कामगार सकाळी गिरणीच्या दारात उभा राही. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी कोणाला आत घ्यायचे, हे जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, ठरवी. मग हातातल्या कसबाइतकीच जॉबरची ओळख कामाला येई, आणि ओळखीला पैसे पडत. १९३१ च्या शाही मजूर आयोगाच्या अहवालात या लाचखोरीची नोंद आहे. आज किती जण गैरहजर राहतील, हे कोणाच्याच हातात नव्हते. दारातल्या घोळक्यातून कोण आत जाणार, हे मात्र एका माणसाच्या हातात होते. या दोन्ही गोष्टींना आपण सरसकट ‘अस्थिर रोजगार’ म्हणतो आणि तो माणूस वाक्यातून निसटतो.

महाराष्ट्राने हा फरक एकदा ओळखला होता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले हमाल संघटित झाले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. बाजारात पोती कधी जास्त येतील, कधी कमी. ते कायद्याच्या हातचे नव्हते, आणि कमाई उचललेल्या मालावरच राहिली. थांबले ते व्यापाऱ्यापुढे हात पसरणे. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची, मंडळाने नोंदणी झालेल्या कामगाराला मजुरी द्यायची; भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी हे सारे लेव्हीतून. एखाद्या व्यापाऱ्याची मर्जी फिरली म्हणून टोळीतल्या हमालाचे नाव मंडळाच्या नोंदीतून पुसले जात नाही. पुढे माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारेही निघाले. त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे, पण त्यांच्यामुळे कायद्याचे तत्त्व खोटे पडत नाही.

आज घरपोच जेवण आणून देणाऱ्या मुलाला ‘आयडी बंद झाली’ एवढेच कळते. पाऊस, पंक्चर, ऑर्डर नसलेली दुपार हे सगळे तो धरूनच चालतो. आयडी का बंद झाली, हे विचारायला मात्र समोर कोणी नसते. बदली कामगाराला निदान जॉबरचे तोंड दिसे. याला आपली विनवणी ॲपमधल्या तक्रारीच्या चौकटीत टाइप करावी लागते. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०–२१ मधल्या गिग कामगारांचा अंदाज ७७ लाख आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांची व्याख्या केली, कंपन्यांच्या उलाढालीतून एक ते दोन टक्के निधीची तरतूद केली. निधी हवाच, अपघात विमाही हवा. पण त्याने कंपनीच्या मर्जीला लगाम बसत नाही. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्याने काम बंद करण्याआधी सूचना आणि लेखी कारण देण्याचे बंधन घातले. मला ते निधीपेक्षा मोलाचे वाटते, कारण हातात लेखी कारण असले की त्याविरुद्ध दाद मागता येते. महाराष्ट्राने असा कायदा करायला घेतला, तर विम्याच्या रकमेच्याही आधी एक प्रश्न सुटला पाहिजे: आयडी कोण बंद करू शकतो, कोणत्या कारणासाठी, आणि त्याचे उत्तर त्याने कोणाला द्यायचे?