गुणपत्रिकेबाहेरचे पुरस्कार

फिगर स्केटिंग हा माणसांच्या नावांनी भरलेला खेळ आहे. पुढे तोंड करून घेतात ती ॲक्सल उडी नॉर्वेच्या ॲक्सल पाउलसेनची. हा गडी मुळात वेगाच्या शर्यतींतला. १८८२ साली व्हिएन्नात त्याने ही उडी मारून दाखवली. साल्कोव्ह उडी स्वीडनच्या उलरिक साल्कोव्हची, आणि तो तर दहा वेळा जगज्जेता. ऑस्ट्रियाच्या अलॉइस लुट्झच्या नावावर एकही जागतिक विजेतेपद नाही, तरी लुट्झ उडी आज प्रत्येक मोठ्या स्पर्धेत मारली जाते. पुण्या-मुंबईत चाकांच्या स्केट्सवर आर्टिस्टिक स्केटिंग शिकणाऱ्या मुलामुलींच्या तोंडीही हीच नावं असतात.

उडीला नाव दिलं की ती कोणी आणली एवढं कळतं. मला ओढ आहे ती दुसऱ्या एका नामकरणाची. मोठी स्पर्धा संपली की पदकांची यादी बाजूला ठेवायची, मनाशी एखादा पुरस्कार योजायचा, त्याला जुन्या स्केटरचं नाव द्यायचं आणि यंदा तो कोणाला द्यावा यावर चार जणांत वाद घालायचा. रक्कम नाही, चषक नाही, समारंभ नाही. वरवर पाहता हा गमतीचा खेळ आहे. पण खेळाकडे नीट पाहायला शिकवणारं याच्याइतकं चांगलं साधन मला दुसरं सापडलेलं नाही.

त्याचं कारण गुणपद्धतीत आहे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत परीक्षणाचा मोठा घोटाळा झाला आणि सहापैकी गुण द्यायची जुनी रीत मोडीत निघाली. आता प्रत्येक उडीची, प्रत्येक गिरकीची किंमत आधीच ठरलेली असते. ती किती नेटकी झाली त्यावर उणे पाच ते अधिक पाच अशी श्रेणी मिळते, पडलात तर गुण कापले जातात. ही पद्धत जुन्या रीतीपेक्षा न्याय्य आहे असंच माझं मत आहे. पण काय मोजायचं हे आधी ठरवल्याशिवाय कोणतीच मोजणी होत नाही, आणि जे यादीत नाही त्याची निकालात नोंद राहत नाही.

ईना बाउअर ही पश्चिम जर्मनीची स्केटर. जागतिक स्पर्धेत १९५८ आणि १९५९ साली चौथी आली, त्यापुढे तिची मजल गेली नाही. पण तिने एक सरकणं रूढ केलं. एक गुडघा वाकवून पाय पुढे, दुसरा पाय मागे ताठ, दोन्ही पात्यांची टोकं विरुद्ध दिशांना, आणि तरी शरीर एकाच ओघात आडवं वाहत जातं. या सरकण्यालाच ईना बाउअर म्हणतात. २००६ च्या तुरिन ऑलिम्पिकमध्ये जपानच्या शिझुका अराकावाने मोकळ्या कार्यक्रमात ते केलं, आणि करताना पाठ इतकी मागे झुकवली की चेहरा छताकडे गेला आणि हात मोकळे मागे लोंबले. त्या वेळच्या नियमांत या हालचालीला स्वतंत्र गुण नव्हते. त्या सेकंदांत गुण देणारं दुसरं काही बसवता आलं असतं. तिने हेच ठेवलं. सुवर्णपदक तिला मिळालं ते इतर गोष्टींवर, पण त्या वर्षी जपानमध्ये वर्षातला सर्वांत गाजलेला शब्द म्हणून जे दोन शब्द निवडले गेले त्यांतला एक ‘ईना बाउअर’ होता. जवळजवळ अर्धशतकापूर्वी चौथ्या आलेल्या जर्मन बाईंचं नाव टोकियोच्या रस्त्यावरच्या पोरांच्या तोंडी आलं, तेव्हा त्या हयात होत्या.

म्हणून माझा पहिला पुरस्कार ईना बाउअर पुरस्कार. गुण मिळणार नाहीत हे ठाऊक असून, केवळ देखणं आहे म्हणून केलेल्या गोष्टीसाठी. इथे एक बारकावा सांभाळावा लागतो. ती गोष्ट गुण मिळवणाऱ्या कामाच्या आड येता कामा नये आणि अपघाताने घडलेलीही चालणार नाही. अराकावाने ती निवडली होती. कोर्टात नजीर, म्हणजे आधीचा निवाडा, जे काम करते तेच इथे नाव करतं. नवं प्रकरण समोर आलं की ते जुन्याशी ताडून पाहायचं, कुठे जुळतं, कुठे नाही ते बोलायचं. ‘सर्वोत्तम’ असं नुसतं बिरुद असतं तर असं ताडून पाहायला काहीच उरलं नसतं. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने २०२० पासून सर्वोत्तम पोशाख, सर्वांत रंजक कार्यक्रम असे पुरस्कार सुरू केले. उपक्रम चांगला आहे, पण तिथेही शेवटी क्रमवारीच लागते.

आपल्याकडे कॉलेजच्या स्नेहसंमेलनात शेलापागोटी वाटायची, फिशपाँड टाकायची जुनी चाल आहे. एका ओळीत माणूस नेमका पकडण्याची ती कला आहे आणि मला ती प्रिय आहे. पण त्यातली कितीतरी शेलापागोटी बोचतात, आणि ज्याला बोचतात त्याला सगळ्यांबरोबर हसावं लागतं. माझ्या पुरस्कारांना म्हणून मी दोन अटी घातल्या आहेत. ज्याला तो मिळेल त्याला आनंद व्हावा, आणि ज्याचं नाव दिलंय त्याने तो ऐकला तर त्यालाही व्हावा.

या अटींवर बरीच सोपी नावं गळतात. मिशेल क्वानच्या नावे ‘सुवर्ण हुकलेल्यांचा’ पुरस्कार चटकन सुचतो. पाच जागतिक विजेतेपदं, ऑलिम्पिकमध्ये एक रौप्य, एक कांस्य. पण तो पुरस्कार तिच्या सगळ्या कारकिर्दीला एका उणिवेत कोंबतो. क्वानच्या नावाने काही द्यायचंच तर ते टिकाऊपणासाठी द्यावं, कारण तिने अमेरिकेचं राष्ट्रीय विजेतेपद नऊ वेळा मिळवलं. प्रतिस्पर्धी स्केटरवरच्या हल्ल्याच्या प्रकरणात अडकलेल्या टोन्या हार्डिंगचं नाव घेऊन विनोद करणं तर अगदीच सोपं आहे. अमेरिकी स्पर्धेत ट्रिपल ॲक्सल उतरवणारी पहिली अमेरिकी बाई ती होती, हे त्या विनोदांत कधीच येत नाही.

दुसरा पुरस्कार अमेरिकेच्या जॅनेट लिनचा. १९७२, जपानमधलं साप्पोरो ऑलिम्पिक. त्या काळी निम्मे गुण ‘फिगर्स’ना असत. बर्फावर ठरावीक वर्तुळं कोरायची आणि परीक्षकांनी वाकून त्या रेषा तपासायच्या. ऑस्ट्रियाच्या बिआट्रिक्स शुबाचा त्यात हात धरणारं कोणी नव्हतं. मोकळ्या कार्यक्रमात ती सातवी आली तरी सुवर्ण तिचंच झालं. तो भाग जिंकला लिनने, आणि तिला कांस्य मिळालं. पण जपानी लोकांनी मनात ठेवला तो तिचा एक क्षण. बसकी गिरकी घेताना ती घसरली, बर्फावर बसली, आणि ज्या हसऱ्या चेहऱ्याने पडली त्याच चेहऱ्याने उठून सुरांत परत मिसळली. ते हसू ओशाळं नव्हतं. ती ज्या आनंदात होती त्या आनंदाला पडण्याने धक्का लागला नव्हता, एवढंच. लिन पुरस्कार अशा पडण्यासाठी. पडून उठणारे पुष्कळ असतात. ज्याच्या नाचाचा धागा पडतानाही तुटत नाही असा एखादाच. पुढच्याच वर्षी छोटा कार्यक्रम सुरू होऊन फिगर्सचं वजन घटलं, आणि १९९० नंतर त्या जागतिक स्पर्धांतून गेल्याच.

पडण्याचेही प्रकार आहेत हे या खेळामुळेच मला दिसू लागलं. मिदोरी इतो १९९२ च्या आल्बरव्हिल ऑलिम्पिकमध्ये ट्रिपल ॲक्सलवर पडली. कार्यक्रमाच्या शेवटाकडे, पाय थकलेले असताना, तिने तीच उडी पुन्हा मारली आणि उतरवली. ऑलिम्पिकमध्ये ती उतरवणारी पहिली बाई ती ठरली. माओ असादा २०१४ साली सोचीत छोट्या कार्यक्रमानंतर सोळावी होती. दुसऱ्या दिवशी तिने आयुष्यातला सर्वोत्तम मोकळा कार्यक्रम केला आणि एकूण सहावी आली. दोघी सावरल्या, पण पुरस्कार वेगळे हवेत. इतोला विचार करायला वेळ नव्हता आणि असादाच्या वाट्याला अख्खी रात्र होती. त्या रात्रीचं ओझं घेऊन बर्फावर येणं जास्त कठीण, असं मला वाटतं.

आणि सूर्या बोनाली. फ्रान्सची, पाच वेळा युरोपची विजेती, लागोपाठ तीन जागतिक स्पर्धांत रौप्य. १९९४ साली जपानमधल्या चिबात अगदी थोडक्यात सुवर्ण युका सातोकडे गेलं. बोनाली आधी व्यासपीठावर चढलीच नाही, शेजारी उभी राहिली, आणि गळ्यात पडलेलं पदक तिने काढलं. परीक्षकांनी या काळ्या, ताकदवान मुलीला तिच्या योग्यतेचं माप दिलं नाही असं मानणारे अनेक आहेत, मीही त्यांतच आहे. तरी बोनाली पुरस्कार चिबातल्या त्या क्षणासाठी नसावा. त्याची नजीर नागानो ऑलिम्पिकची, १९९८ ची. दुखापतींनी पाय खिळखिळे झालेले, पदक हातचं गेलेलं. मोकळ्या कार्यक्रमात मध्येच तिने मागे कोलांटी घेतली आणि ती एका पायावर उतरवली.

एक पाय का महत्त्वाचा? अमेरिकेच्या टेरी कुबिकाने १९७६ च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकमध्ये ही कोलांटी मारली होती आणि त्यानंतर तिच्यावर बंदी आली. कोलांटी दोन पायांवर उतरते, स्केटिंगची उडी एका पायावर उतरायला हवी, हा तिच्याविरुद्धचा एक मोठा आक्षेप होता. बोनालीने तो आक्षेप उतरतानाच खोडून काढला. गुण कापले गेले, ती दहावी आली. शेवटी परीक्षकांकडे पाठ करून तिने प्रेक्षकांना अभिवादन केलं. जानेवारी २०२४ मध्ये फ्रान्सच्याच ॲडम स्याओ हिम फाने युरोपीय स्पर्धेत दोन गुणांचा दंड सोसून कोलांटी मारली आणि विजेतेपदही राखलं. त्याच वर्षी बंदी उठली. तेव्हा बोनाली पुरस्कार अशा नियमभंगासाठी, ज्यात नियमामागच्या आक्षेपाला करणाऱ्याने अंगमेहनतीने उत्तर दिलेलं असतं. नुसत्या बंडखोरीला मी तो देणार नाही. स्याओ हिम फाला द्यावा का? धाडस होतं, पण विजयाची खात्री जवळपास खिशात होती. मी त्याला अर्धाच देईन.

लहानांसाठी सोन्या हेनी पुरस्कार. १९२४ साली शामोनी ऑलिम्पिकमध्ये अकरा वर्षांची ही नॉर्वेजियन मुलगी आठ जणींत आठवी आली. कार्यक्रमाच्या मध्येच ती कडेला जाऊन पुढे काय करायचं ते प्रशिक्षकाला विचारत होती. पुढे ती दहा वेळा जगज्जेती झाली, पण पुरस्कार त्या विचारण्याला. आणि बर्फ नसलेल्या देशांतल्यांसाठी मायकेल मार्टिनेझ पुरस्कार. फिलिपिन्सचा हा मुलगा मॉलमधल्या रिंकवर शिकला आणि सोचीत एकोणिसावा आला. त्या पुरस्काराचे दावेदार आपल्या देशातही निघतील.

शेवटचा मॅज सायर्सचा. १९०२ साली लंडनच्या या बाईंनी जागतिक स्पर्धेत नाव दिलं, कारण बायकांना मनाई आहे असं नियमांत कुठे लिहिलेलंच नव्हतं. लिहायची गरज कोणाला वाटली नव्हती. साल्कोव्हपाठोपाठ त्या दुसऱ्या आल्या. मग मनाई लिहिली गेली, आणि १९०६ मध्ये बायकांची वेगळी स्पर्धा दाव्होसला सुरू झाली तेव्हा ती सायर्सनीच जिंकली. असंच एक गृहीत आता जोड्यांबाबत मोडलं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये कॅनडाच्या स्केटिंग संघटनेने आपल्या देशातल्या स्पर्धांपुरती जोडीची व्याख्या बदलली. जोडी म्हणजे एक बाई आणि एक पुरुष असं आता नाही, दोन स्केटर एवढंच पुरे. आंतरराष्ट्रीय नियम जुनाच आहे. दोन बायका किंवा दोन पुरुष मिळून कॅनडाच्या राष्ट्रीय विजेतेपदाला ज्या दिवशी गवसणी घालतील, त्या दिवशी सायर्स पुरस्कार त्या दोघांना विभागून द्यावा, अशी माझी शिफारस आहे.