रात्रीपुरती जागा

माझ्या नवऱ्याची एक वही आहे. ट्रेलर घेतल्यापासून जिथे जिथे आमचा मुक्काम पडला, तिथले गुण तो तीत मांडून ठेवतो. वीज, पाणी, न्हाणीघर, जमिनीचा उतार, शेजार, भाडं, प्रत्येकाला दहापैकी. जन्मभर लोकांचे हिशेब तपासलेला माणूस, दुसरं काय करणार! २०२५च्या मार्चमध्ये आम्ही कॅलिफोर्नियातल्या घरून निघालो आणि बावीस फुटी ट्रेलर ओढत तीन आठवडे ॲरिझोनात हिंडलो. वहीत अकरा नोंदी झाल्या. विल्यम्स गावाजवळचं एक खासगी कॅम्पग्राउंड पहिलं आलं, परतीच्या वाटेवरच्या एका दुकानाचं पार्किंग शेवटचं. त्याचे गुण चुकले होते असं मी म्हणणार नाही. पण ती पानं चाळताना मला सारखं वाटत राहिलं, की आपण मोजतोय ते वेगळंच आणि मोजायला हवं ते वेगळंच.

पहिल्या आलेल्याची कथा थोडक्यात सांगून टाकते. ट्रेलर सरळ आत न्यायचा, विजेची वायर खोचायची, पाण्याची नळी लावायची, मैल्याची नळी जमिनीतल्या भोकात सोडायची, की घर तयार. गरम पाण्याची न्हाणीघरं, धुलाईची यंत्रं, मुलांना झोपाळे. हा धंदा मोठा केला तो केओए या साखळीने. १९६२ साली सिॲटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेल्या गाड्या मोंटानातल्या बिलिंग्ज गावावरून जात, तेव्हा डेव्ह ड्रम या गृहस्थाने यलोस्टोन नदीकाठच्या आपल्या जमिनीवर त्यांना पावणेदोन डॉलरांत रात्रीची जागा, टेबल, चूल आणि गरम पाणी द्यायला सुरुवात केली. आज अशा जागेला साठ-सत्तर डॉलर सहज पडतात. पैसे मोजले की तुम्ही कोण, कुठले, हे कोणी विचारत नाही. बाजाराचा हा गुण मला मान्य आहे.

सरकारी असो की खासगी, अमेरिकेतल्या बहुतेक कॅम्पग्राउंडांचा आराखडा एकच. एकेरी वळसा घालणारा रस्ता, त्याला फुटलेले गाडीपुरते फाटे, प्रत्येक फाट्याशी एक टेबल आणि एक शेगडी. हा आराखडा एका वनस्पतिरोगतज्ज्ञाचा आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत लोक मोटारी थेट झाडाखाली नेऊन उभ्या करत. मोठमोठी झाडं का खंगतायत हे शोधताना ई. पी. माइनेके यांच्या लक्षात आलं, की चाकांनी आणि पावलांनी जमीन घट्ट होते आणि मुळं गुदमरतात. १९३२ साली त्यांनी वनखात्यासाठी नवी आखणी मांडली: गाडी ठरल्या जागी, चूल ठरल्या जागी, मध्ये मोठे दगड. पुढच्या दहा वर्षांत मंदीत बेकार झालेल्या तरुणांच्या सरकारी पथकांनी तशी शेकडो कॅम्पग्राउंडं बांधली. झाडं वाचली, आणि मोकळ्या रानात प्लॉट पाडल्यासारख्या वसाहती उभ्या राहिल्या. पाहुण्याला दिलेली जागा इतकी नीट मोजून दिलेली असते, की शेजाऱ्याकडे मीठ मागायला जातानाही कुंपण ओलांडल्यासारखं वाटतं.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरचं मॅदर कॅम्पग्राउंड याच घडणीचं. समुद्रसपाटीपासून सात हजार फूट उंच, मार्चमध्येही बर्फ. वीज नाही. हीटरचा गॅस पुरतो, पण त्याचा पंखा रात्रभर बॅटरी खातो, म्हणून पहाटे चारला उठून आकडा बघायचा. त्या थंडीत बाहेर आले तर तीन एल्क आमच्या टेबलाशी उभे होते आणि वर इतके तारे, की ओळखीचं एकही नक्षत्र सापडेना. नवऱ्याने विजेला शून्य दिलं आणि 'इतर' या रकान्यात दहा.

पण ही जागा मिळते कशी? सहा महिने आधी, ठरल्या मिनिटाला संगणकासमोर बसून. शिवाय आमच्याकडे बासष्टी ओलांडलेल्यांचा पास आहे. एकदाच ऐंशी डॉलर भरले, की राष्ट्रीय उद्यानांत जन्मभर फुकट प्रवेश आणि कॅम्पचं भाडं बहुतेक ठिकाणी निम्मं. त्यासाठी नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावं लागतं. सहा महिन्यांनंतर आपण कुठे असू हे ज्याला आज सांगता येतं, त्याच्यासाठी ही सोय आहे. आम्ही दोघं निवृत्त, आम्हाला ते जमलं.

याच्या उलट टोक म्हणजे ॲरिझोनातलं क्वार्टझाइट. गावची वस्ती दोन-अडीच हजार, पण हिवाळ्यात भोवतालच्या वाळवंटात चाकांवरची अख्खी शहरं वसतात. 'नोमॅडलँड' सिनेमा पाहिलेल्यांना हा मुलूख आठवेल. अमेरिकेच्या पश्चिमेत केंद्र सरकारची अफाट जमीन आहे. ती पूर्वी कोणाकडून घेतली हा प्रश्न इथल्या आदिवासींना विचारावा. या जमिनीवर बहुतेक ठिकाणी चौदा दिवस फुकट राहता येतं. आपल्या धर्मशाळांत तीन दिवसांची मुदत असायची, तसाच हा नियम. क्वार्टझाइटजवळच्या ला पोसा या भागात मात्र आम्ही गेलो तेव्हा १८० डॉलरांत १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, म्हणजे पुरे सात महिने राहता येत होतं. पंधरवड्यासाठी चाळीस. पाणी भरायला नळ, कचऱ्याला डबे, मैला टाकायला जागा. आखलेले प्लॉट नाहीत. कोणाचा ट्रेलर दोन लाख डॉलरांचा, तर कोणाची जुनी शाळेची बस. आमच्या शेजारचा ट्रकचालक घर विकून सहा वर्षं असाच राहत होता. त्याने पहिल्याच संध्याकाळी येऊन आमचा ट्रेलर वाऱ्याच्या तोंडाला उभा असल्याचं सांगितलं आणि तो वळवायलाही लावला.

या गावच्या कबरस्तानात एक पिरॅमिड आहे, त्याच्या टोकावर उंट. अमेरिकी सैन्याने १८५०च्या दशकात उंट आणून पाहिले, त्यांच्याबरोबर आलेला हाजी अली नावाचा उंटवाला तिथे पुरला आहे. लोकांनी त्याच्या नावाचं 'हाय जॉली' करून टाकलं. तांड्यांच्या गावाला तांडेवाल्याचीच समाधी, हे मला फार आवडलं.

इथे थोडं अवांतर. ट्रेलरमध्ये सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची एक, मैल्याची दुसरी. चार-पाच दिवसांनी रबरी हातमोजे घालून, जाड नळी जोडून आपला मैला आपणच सोडायचा. पहिल्या वेळी माझे हात थरथरले. साताऱ्याच्या आमच्या वाड्यात माझ्या लहानपणी टोपलीचे संडास होते. मैला उचलायला येणारी बाई मागच्या बोळातून यायची. तिचं नाव घरात कोणालाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही. ला पोसात मात्र रांगेत माझ्यापुढे दोन लाख डॉलरांच्या ट्रेलरचा मालक आणि मागे जुन्या बसवाला, तिघांच्याही हातात नळी. वहीत या गोष्टीला रकाना नाही.

आता शेवटच्या क्रमांकाकडे येते. परतताना मोजाव्हे वाळवंटात वारा इतका सुटला, की ट्रेलर रस्त्यावर नाचू लागला. एका छोट्या गावात मोठ्या दुकानाचं पार्किंग दिसलं. वॉलमार्टसारख्या अनेक दुकानांत व्यवस्थापकाची परवानगी आणि गावाचा कायदा आड येत नसेल, तर रात्र काढू देतात. आम्ही आत जाऊन विचारलं, दूध-पाव घेतलं. खुर्च्या बाहेर मांडायच्या नाहीत एवढीच अट. दोन जागा सोडून एक जुनी व्हॅन उभी होती, काचांना आतून टॉवेल लावलेले. तीतली बाई दुकानात पैसे देताना माझ्यापुढेच उभी होती. तिनेही दूधच घेतलं होतं.

रात्री एकच्या सुमारास रखवालदार आला. आमच्या ट्रेलरवर विजेरी फिरवली, खिडकीत मला पाहून हात हलवला. मग व्हॅनपाशी जाऊन काचेवर ठोकलं. काही बोलणं झालं आणि व्हॅन निघून गेली. तिने परवानगी विचारली होती की नाही, कोण जाणे. आम्ही पडद्याआडून पाहत राहिलो. खाली उतरून "त्यांनाही राहू द्या" म्हणायला दोन मिनिटं लागली असती. आम्ही उतरलो नाही.

गाडीत झोपणं दोघींचंही एकच. आमच्या झोपण्याला सहल म्हणतात, कारण आमचं घर दुसरीकडे आहे. या फरकावर आता कायद्याचीही मोहोर आहे. ओरेगनमधल्या ग्रँट्स पास या शहरात सार्वजनिक जागी अंथरूण पसरून मुक्काम केला, की दंड २९५ डॉलरपासून सुरू होत असे. २८ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की अशा बंदीची अंमलबजावणी म्हणजे संविधानाने मना केलेली क्रूर शिक्षा ठरत नाही. झोप ही शरीराची गरज आहे, गुन्हा नव्हे, असं न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी विरोधी मतात लिहिलं. शहराने बंदी घातली त्या कृतीचं नाव 'कॅम्पिंग'. आम्ही मॅदरमध्ये निम्म्या भाड्यात केलं, त्याचंही नाव तेच.

मुक्कामाला कोण लायक, याची चाळण जुनीच आहे. व्हर्जिनियातल्या शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ साली लुइस माउंटन ही जागा खास कृष्णवर्णीयांसाठी उघडली; इतरत्र मुक्कामाला त्यांना मज्जाव होता. ती चाळण सरकारनेच लावली होती आणि पुढे सरकारनेच काढली. पंढरपुरात जातीजातींच्या धर्मशाळा होत्या, आणि अस्पृश्य वारकऱ्यांना छप्पर नव्हतं. गाडगेबाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. बाबांनी वीज-पाण्याचा विचार केला नसेल असं नाही, पण सुरुवात केली ती दारापासून.

म्हणून माझं म्हणणं असं, की मुक्कामांची तुलना करायची तर पहिला रकाना परवानगीचा हवा. ती कोण देतं, कोणाला, किती दिवसांची, आणि मध्यरात्री कोणाच्या मर्जीने ती काढून घेता येते? खासगी जागा पैशाने मिळते, उद्यानातली आगाऊ नियोजनाने, दुकानातली चेहरा बघून. ला पोसात हंगामभर निर्धास्त राहता येतं, पण तिथवर जायला चालती गाडी आणि टाक्या लागतात. घर आणि पैसा दोन्ही नसलेल्याला यातलं एकही खात्रीने मिळत नाही. यावर उपाय नाही असं नाही. सांता बार्बरा इथे २००४ पासून एक संस्था गाडीत राहणाऱ्यांना चर्चची आणि सरकारी पार्किंगं रात्रीपुरती मिळवून देते. सकाळी गाडी काढायची, संध्याकाळी परत यायचं. अशी सोय आता इतरही काही शहरांत आहे. ती प्रत्येक शहरात असावी आणि दानावर न चालता शहराच्या अंदाजपत्रकात असावी. ज्या सरकारला रानात माझ्या ट्रेलरसाठी सपाट फाटा, टेबल आणि शेगडी बांधता येते, त्याला एवढं नक्की जमेल.

नवऱ्याला मी हे सांगितलं. वहीत नवा रकाना आखायला तो तयार आहे. त्या दुकानाचे गुण बदलायला मात्र तयार नाही, आणि मीही आग्रह धरलेला नाही. आम्हाला तिथे उत्तम झोप लागली होती.