दया आणि शेजार

भुसावळच्या फलाटावर किंवा धुळ्यास आग्रा रस्त्याच्या कडेला एखादा निराधार भ्रमिष्ट दिसला, तर त्यास भाकरी देणारे हात खानदेशांत पुष्कळ आहेत. भाड्यानें खोली देणारा मात्र सहसा मिळत नाहीं. ही दया कोणत्या जातीची, असा आम्हांस प्रश्न पडतो. केवळ घर नाहीं किंवा कुटुंब स्वीकारीत नाहीं, एवढ्याच कारणासाठीं कोणास मनोरुग्णालयांत ठेवून घेतां येणार नाहीं, असें २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. मग त्यानें जावें कोठें? १९९३ सालीं स्थापन झालेल्या चेन्नईच्या ‘बनियन’ संस्थेनें अशा चार-पांच जणांस साध्या वस्तींत एकत्र घर करून दिलें आणि सोबतीस मदतनीस ठेविले.

शेजारीं लेंकरेंबाळें आहेत, भय वाटणारच, असें वाचक म्हणतील. परंतु तापट, व्यसनी, क्वचित् बायकोस मारणाराही गृहस्थ शेजारीं येतो, तेव्हां त्याजकडे भाड्याखेरीज आम्ही कांहीं मागत नाहीं. शहाणपणाचा दाखला तेवढा याजकडून हवा! आणि दारास आंतून कडी लावून निजावयास मिळाल्यावांचून तें शहाणपण टिकावें तरी कसें? जळगांवांत रिकाम्या खोलीवर ‘फक्त कुटुंबासाठीं’ अशी पाटी दिसते. कुटुंबानेंच ज्यास टाकिलें, त्यानें ती वाचून पुढें जावयाचें असतें.