मोकळी जागा

साताऱ्याकडच्या एका गवंड्याची नात जन्मली ती दोन्ही कानांच्या वाटा बंद घेऊनच. पाळीच्या जागी नुसती मांसाची गाठ. आतला कान मात्र शाबूत होता, म्हणून तान्ही असतानाच तिच्या डोक्याला पट्टा आणि त्यावर यंत्र आलं. कवटीच्या हाडातून आवाज आत पोचायचा. पोर बोलायला शिकली ती त्या पट्ट्यावरच. पण शाळेत पट्टा घामानं घसरायचा आणि कातडीमुळे आवाज जरा दबायचा.

सहाव्या वर्षी डॉक्टरांनी कानामागच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचं सुचवलं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला १९७७ साली हा उपाय पहिल्यांदा झाला. टायटॅनियमभोवती हाड घट्ट धरतं, ही त्यामागची किमया.

"मग स्क्रू आणि त्यावर यंत्र अडकवायचा खुंट एकदमच बसवा की," बाप म्हणाला. "परत भूल, परत रजा कशाला?"

"मोठ्यांना तसं करतो. हिचं हाड पातळ आहे, मऊ आहे. स्क्रू बसवून कातडी शिवून टाकू. खुंट तीन ते सहा महिन्यांनी."

"स्लॅब ओतल्या ओतल्या टेकू काढतोस का रे?" आजोबांनी लेकाला विचारलं. तो गप्प झाला, पण पटलं नव्हतं. "निदान कानाजवळ तरी बसवा," तो म्हणाला, "दिसायला बरं."

डॉक्टरांनी एक्स-रेच्या जुन्या फिल्ममधून कापलेला कानाचा आकार काढला, पोरीच्या डोक्याला लावला आणि पेनानं कडेनं रेघ मारली. "पुढे दहाव्या वर्षाच्या आसपास बरगडीच्या कूर्चेचा कान करता येतो. त्यावर पांघरायला इथलीच कातडी लागते. आज इथे चिरलं, तर ती वाट आपणच बंद केली." स्क्रूची खूण त्यांनी रेघेच्या बरीच मागे, केसांत केली.

शस्त्रक्रियेत हाड तापून मरू नये म्हणून थंड सलाइनची धार सोडत भोक पाडलं. तीन मिलिमीटरलाच तळाशी मेंदूचं आवरण दिसलं. आखूड स्क्रू बसवून डॉक्टरांनी टाके घातले.

"पूर्ण सहा महिने थांबू," ते बाहेर येऊन म्हणाले.

"थांबू," बाप म्हणाला. "तोवर पट्टा दुसऱ्या बाजूला सरकवून लावू ना? शाळा बुडायला नको." कानाचं विचारलं नाही त्यानं. ते पोरगी मोठी झाली की तिलाच विचारायचं, असं घरात ठरलं होतं.