अवधान आणि सेवा

वाशीम हे आज जिल्ह्याचे ठिकाण असले, तरी त्याची थोरवी फार जुनी आहे. वत्सगुल्म या नावाने ते वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील राजा हरिषेण याचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे 16 वे लेणे भिक्षुसंघास अर्पण केले. त्या विहारातील अंधाऱ्या खोल्या पाहिल्या म्हणजे मनात प्रश्न उभा राहतो : येथे आपल्याच श्वासाकडे लक्ष देत बसणाऱ्या मनुष्याचा जगाला उपयोग काय? आज हाच प्रश्न आपल्या घरात आला आहे. मनःशांतीसाठी दार लावून ध्यानस्थ बसलेला गृहस्थ, आणि पलीकडच्या खोलीत हाका मारून थकलेली त्याची वृद्ध माता, हे दृश्य केवळ काल्पनिक नव्हे.

या प्रश्नाचे उत्तर त्या भिक्षूंच्याच परंपरेत सापडते. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्षू आपल्याच मलमूत्रात पडलेला बुद्धाने पाहिला. संघाला त्याचा काही उपयोग नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नसे. बुद्धाने आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुतले व उचलून शय्येवर निजविले. ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची करावी, असे मग बुद्धाने संघास बजाविले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ते सारे भिक्षू ध्यानाचे अभ्यासीच होते. तरी शेजारचा रुग्ण त्यांना दिसला नाही.

याच प्रसंगी चांगल्या शुश्रूषकाची लक्षणेही सांगितली आहेत. रुग्णाला पथ्य काय व अपथ्य काय हे त्याने जाणावे, मलमूत्राची किळस मानू नये, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी. यांतील एकही गोष्ट अवधानावाचून साधत नाही. अवधान नसेल तर सेवा ही सेवकाची हौस होते. आजाऱ्याला घोटभर पाणी हवे असते, आणि आपण त्याला उपदेश पाजीत बसतो.

तर मग स्वतःकडे लक्ष देणे हा स्वार्थच काय? बुद्धाने एका डोंबाऱ्याचा दृष्टान्त दिला आहे. गुरू शिष्येला म्हणाला, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळीन. शिष्या म्हणाली, नाही. आपण आपापला तोल सांभाळू, म्हणजे दोघेही सुखरूप उतरू. बुद्धाला शिष्येचे म्हणणे पटले. परंतु क्षमा, अहिंसा, मैत्री व करुणा यांनी दुसऱ्याला राखताना मनुष्य स्वतःलाही राखतो, अशी पुस्ती त्याने जोडली. ज्याला स्वतःचा राग उठताना दिसत नाही, त्याची सेवा चार दिवसांत त्राग्यावर येते, हा घरोघरचा अनुभव आहे.

आमच्या वऱ्हाडात 1876 साली जन्मलेले गाडगे महाराज गावात आले की हाती खराटा घेत आणि गाव झाडून मग रात्री कीर्तनास उभे राहत. जी घाण ओलांडून सारे गाव नित्य देवळात जाई, ती त्यांना दिसे. डोळे मिटून बसण्याचा अभ्यास आम्ही कमी लेखीत नाही. मात्र डोळे उघडल्यावर काय दिसू लागले, यावरूनच त्या अभ्यासाची किंमत करावी, असे आमचे मत आहे.