भ्रमिष्ट वृद्धांची शुश्रूषा आणि सत्यवचन

घरातील वडीलधारे माणूस एखाद्या रात्री एकाएकी असंबद्ध बोलू लागते, खोलीत नसलेली माणसे पाहते, 'मला घरी न्या' म्हणून हट्ट धरते. आणि असते ते स्वतःच्याच घरात! अशा वेळी 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण मोकळे होतो. परंतु येथे पहिला विवेक वैद्यकाचा आहे. तो चुकला तर पुढील सर्व धर्मचर्चा व्यर्थ होय.

स्मृती वर्षानुवर्षे झिजत जाणे हा एक विकार. आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ साली वर्णिलेला रोग याच जातीचा. काही तासांत वा दोन-चार दिवसांत बुद्धी भ्रमणे, सकाळी माणूस भानावर असणे व सायंकाळी पुन्हा बिघडणे, हा निराळाच विकार. जुनी माणसे त्याला 'वात झाला' म्हणत. डॉक्टर डिलिरियम म्हणतात. त्याच्या मुळाशी बहुधा शरीरातील काही कारण असते : लघवीतील जंतुदोष, न्यूमोनिया, पाणी किंवा सोडियम कमी पडणे, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, सांगता न आलेली वेदना, झोपेचे एखादे औषध, खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया. कारण शोधून उपाय केल्यास पुष्कळदा माणूस पूर्वपदावर येतो. आरडाओरडा करणाऱ्याकडे निदान लक्ष तरी जाते. जो दिवसभर निपचित पडून राहतो त्याला आपण 'शांत आहेत' म्हणतो, आणि तोच अधिक धोक्यात असतो.

अमेरिकेत डॉ. शॅरन इनोये व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८५२ वृद्ध रुग्णांवर केलेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या व्यवस्थेत शेकडा १५ जणांना हा भ्रम झाला; विशेष शुश्रूषा लाभलेल्यांत शेकडा ९.९ जणांना. ती विशेष शुश्रूषा कसली? चष्मा आणि कानाचे यंत्र जागच्या जागी देणे, पाणी पाजणे, हिंडवणे, रात्री झोपू देणे, दिवस व ठिकाण यांची आठवण करून देणे. चरकाने परिचारकाच्या गुणांत ज्ञान, दक्षता व शौच यांच्याबरोबर अनुराग का गणला, हे येथे कळते. रुग्णाचे हात खाटेला बांधण्याचा मोह मात्र आवरावा; बांधलेला माणूस अधिकच भितो, झटापट करतो व इजा करून घेतो.

आता खरा बिकट प्रश्न. स्मृती गेलेली वृद्ध माता पुनःपुन्हा विचारते, "हे अजून कसे आले नाहीत?" पतीला जाऊन तर वर्षे लोटली. 'ते वारले' असे सांगावे, तर ती प्रत्येक वेळी नव्याने विधवा होते. घटकेने विसरते आणि पुन्हा विचारते. 'येतीलच एवढ्यात' म्हणावे, तर ते असत्य. गीतेच्या सतराव्या अध्यायातील वाङ्मय तप या ठिकाणी आपली कसोटी पाहते. वाणी उद्वेग न करणारी, सत्य, प्रिय आणि हितकर अशी एकाच वेळी असावी, ही तिची मागणी. नुसते सत्य पुरत नाही, आणि सत्य वगळण्याची सवलतही नाही.

माझ्या मते अशा वेळी शब्दापेक्षा शब्दामागील भाव ऐकावा. माता वार्ता विचारीत नसते; तिला एकटे वाटत असते. "तुम्हाला त्यांची फार आठवण येते आहे. त्यांना जेवायला काय आवडे हो?" हे बोलणे खरे आहे आणि तिला धीर देणारेही. भिंतीवर साप दिसतो म्हणाली, तर 'आहे खरा' म्हणू नये आणि वादही घालू नये. "मला दिसत नाही, पण मी जवळ बसलो आहे," एवढे पुरे. परंतु भानावर असताना तिने डोळ्यांत पाहून "ते गेले ना?" असे विचारले, तर हात हाती घेऊन 'होय' म्हणावे. थाप पुष्कळदा तिच्या सुखासाठी नसून आपला वेळ वाचावा म्हणून मारली जाते, हे स्वतःशी तरी मान्य करावे.

दुसऱ्या अध्यायात स्मृतिभ्रंशाचा उगम विषयचिंतनापासून क्रोधापर्यंतच्या साखळीत दाखविला आहे. त्यावरून रोग्याला पापी ठरविणारे लोक मी पाहिले आहेत. तो सारा विवेचनाचा विषय साधकाच्या विवेकाचा. मेंदूच्या रोगाचे निदान तेथे नाही. उलट तेराव्या अध्यायात बुद्धी आणि चेतनाही क्षेत्रातच मोजली आहे. मग बुद्धी ढळली म्हणून 'हे आता आमचे बाबा राहिलेच नाहीत' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोठून आला?

या सेवेत कृतज्ञतेचा शब्द येईलच असे नाही. शिव्या मात्र येतील. फळाची आशा सोडण्याचा उपदेश येथे करणे सोपे आहे, विशेषतः जो करीत नाही त्याला. आपल्या घरात सेवेचे पुण्य मुलाच्या नावावर जमा होते आणि रात्री जागते ती बहुधा सून. सहाव्या अध्यायातील युक्त निद्रेचा नियम तिलाही लागू आहे. म्हणून रात्रीची एक पाळी मुलाने स्वतः घ्यावी. भ्रम अंधार पडल्यावर वाढतो, आणि 'हे अजून कसे आले नाहीत' हा प्रश्न बहुधा त्याच वेळी विचारला जातो.